बजेटमधला फ्लॅश सेट घेऊन खानदेशात आउटडोअर शूट करताय? या चुका टाळा

लळिंगच्या किल्ल्यावर एका प्री-वेडिंग शूटच्या वेळी माझी फ्लॅशवरची छत्री उडाली. मावळतीचं ऊन छान लागलं होतं, जोडी तटाजवळ उभी होती. स्टँड पूर्ण उंचीवर ताणलेला, त्यावर फ्लॅश आणि त्याचा उजेड मऊ करणारी पांढरी छत्री. वाऱ्याचा एक झोत आला. नवरीचा भाऊ ओरडला, "भाऊ, छत्री धर, उडी जाई!" मी वळेपर्यंत स्टँड आडवा झाला होता. फ्लॅशचा पाय मोडला, छत्रीच्या दोन काड्या वाकल्या. नवरी दोन हात लांब होती म्हणून तिला लागलं नाही.

त्या दिवशी माझ्या बॅगेत तीन फ्लॅश होते आणि रेतीची एकही पिशवी नव्हती. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची नवी मुलं सेट दाखवायला आणतात तेव्हा बहुतेकांच्या बॅगेत हीच गत दिसते. लाईटवर पैसे घातलेले, आणि लाईट ज्याच्या जोरावर चालतो त्या वस्तू राहून गेलेल्या. माझं म्हणणं एवढंच आहे: एकच फ्लॅश घ्या, तो माणसाच्या जवळ आणा आणि घट्ट उभा करा.

दुसरा लाईट घेण्याआधी पहिला जवळ आणा

उजेड कमी पडला की मुलं लगेच मोठ्या लाईटची चौकशी करतात. आधी फ्लॅश किती लांब ठेवलाय ते बघा. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. तीन मीटरवरचा फ्लॅश दीड मीटरवर आणला की फुकटात दोन स्टॉप मिळाले (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). आता खरेदीचा हिशेब करा. दोन सारखे फ्लॅश एकत्र लावले तर एकच स्टॉप वाढतो. साधा स्पीडलाईट, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅश, साधारण ६० ते ७५ वॅट-सेकंदांचा (हे फ्लॅशच्या ताकदीचं माप) धरतात. तो सोडून २०० वॅट-सेकंदांचा लाईट घेतला तरी उजेड तिपटीच्या आसपासच जातो. दीड मीटर पुढे सरकल्याने जे मिळतं ते त्या खरेदीनेही पूर्ण मिळत नाही. शिवाय जवळ आणलेली छत्री चेहऱ्याच्या मानाने मोठी होते, म्हणून सावलीची कडही मऊ पडते. छत्री फ्रेममध्ये आली तर येऊ द्या, आकाशाच्या भागातून ती नंतर सहज काढता येते.

खोक्यावरच्या आकड्यानेही फसायला होतं. 'गाईड नंबर ६०' (फ्लॅशची पोच सांगणारा आकडा) असं वाचून घेतो, पण तो आकडा फ्लॅशचा झूम २०० मिमीवर ठेवून, उजेड एका पट्ट्यात गोळा करून मोजलेला असतो. छत्री लावली की झूम २४ किंवा ३५ वर आणावा लागतो, आणि छत्रीचं कापडही वरून साधारण दोन स्टॉप खातं.

चाळीसगावचे केकी मूस (१९१२ ते १९८९) यांची टेबलटॉप छायाचित्रं ज्यांनी पाहिली असतील त्यांना वेगळं सांगायला नको. त्या माणसाने घराबाहेर न पडता टेबलावरच्या साध्यासुध्या वस्तूंमधून अख्खे देखावे उभे केले. आपल्याच मातीत हे झालंय. फ्लॅश विकत घेण्याआधी चाळीसगावला त्यांच्या घरी जाऊन ते फोटो बघून या, मी मनापासून सांगतोय.

दुपारच्या उन्हाशी झुंजू नका

एप्रिल-मेची लगीनसराई आणि आपल्याकडचा पारा ४४-४५ वर. कुटुंबाला सोयीची वेळ नेमकी दुपारची असते. कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि शटर १/१०० सेकंद ठेवला तर ॲपर्चर (भिंगाचं भोक; आकडा मोठा तितकं ते लहान) एफ १६ लागतो, हा जुना ठोकताळा आजही चालतो. फ्लॅशसाठी शटर १/२०० वर, म्हणजे साधारणपणे फ्लॅश नीट चालतो त्या वेगाच्या मर्यादेवर (सिंक स्पीड), आणला तर एफ ११. म्हणजे उन्हाच्या बरोबरीला यायचं तर छोट्या फ्लॅशने छत्रीतून एफ ११ चा उजेड दिला पाहिजे. माझ्या अनुभवात फुल पॉवर लावूनही दीड मीटरच्या पलीकडे तो देत नाही.

इथे बहुतेक जण हाय स्पीड सिंकचं (सिंकपेक्षा वेगवान शटरवर फ्लॅश चालवायच्या सोयीचं) बटण दाबतात. पार्श्वभूमी धूसर हवी, एफ २.८ हवा, म्हणून शटर १/३२०० वर जातो. हाय स्पीड सिंकमध्ये फ्लॅश एकदा जोरात पेटण्याऐवजी शटर सरकत असेपर्यंत बारीक बारीक पेटत राहतो. त्यात सुरुवातीलाच दोनेक स्टॉप जातात आणि शटर जसा वाढवाल तसे आणखी जातात. चेहरा काळाच राहतो, फ्लॅश तापतो आणि दहा मिनिटांत संरक्षण म्हणून स्वतःच बंद पडतो.

त्यापेक्षा माणसाची पाठ उन्हाकडे करा. ऊन केसांवर आणि खांद्यावर पडू द्या, चेहरा सावलीत येऊ द्या. आता फ्लॅशला उन्हाशी बरोबरी करायची नाही, सावली थोडी उजळायची आहे, आणि ते काम त्याच्या आवाक्यातलं आहे. ॲपर्चर उघडा हवाच असेल तर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (भिंगापुढे लावायची गडद काच) लावा: शटर १/२०० वरच राहतो आणि एफ ११ च्या जागी एफ ४ येतो. एनडीने फ्लॅशचा जोर वाढत नाही हे ध्यानात ठेवा, त्याला पॉवर तेवढीच लागते. फक्त हाय स्पीड सिंकमध्ये वाया जाणारा उजेड वाचतो.

कोणती सेटिंग कशावर चालते हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या अडचणी संपतात. सिंकच्या आत शटर फक्त ऊन कमी-जास्त करतो. ॲपर्चर आणि आयएसओ ऊन आणि फ्लॅश दोन्हीवर चालतात. फ्लॅशची पॉवर फक्त फ्लॅशवर. आधी फ्लॅश बंद ठेवून आभाळ नीट बसवा, हवं तर एक स्टॉप गडद. मग फ्लॅश चालू करून चेहरा बसवा. हा क्रम उलटा केला की शूट संपेपर्यंत आकडेच फिरवत बसावं लागतं.

केळीच्या बागेतला हिरवा चेहरा

रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागेत फोटो काढायची हौस सगळ्यांनाच असते, आणि फोटो सगळ्यात जास्त बिघडतात तेही तिथेच. ऊन पानांतून गाळून खाली येतं, त्यामुळे आतला सगळा उजेड हिरवा असतो. डोळ्याला ते कळत नाही. घरी संगणकावर बघाल तर नवऱ्या मुलाच्या गालाखाली, हनुवटीखाली हिरवट छटा, आणि पांढरा कुर्ता शेवाळलेला. मग एडिटिंगमध्ये गुलाबी वाढवतात, आणि फ्लॅश पडलेली बाजू जांभळट होते. दोन रंगांचे उजेड एकाच चेहऱ्यावर असतील तर एका स्लायडरने ते कधीच जुळत नाहीत.

उपाय बागेतच करायचा. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंग जुळवायची सेटिंग) फ्लॅशच्या चिन्हावर ठेवा. बागेचा उजेड एक ते दीड स्टॉप खाली पाडा, आणि चेहऱ्यावरचा मुख्य उजेड फ्लॅशचाच ठेवा. चेहरा खरा दिसतो आणि मागची हिरवाई हिरवीच राहते, ती तशीच हवी असते. आत उजेड इतका कमी असतो की फ्लॅशला १/८ पॉवरही बऱ्याचदा पुरते. सीपीएल (चकाकी कापणारा पोलरायझर) फिल्टर असेल तर तो इथे लावा. पानांवरची पांढरी चकाकी उतरते आणि पानाचा खरा रंग वर येतो.

ठिबक नुकतंच बंद केलेलं असेल तर काळी माती लोण्यासारखी असते. स्टँडचे तीन पाय एकसारखे खचत नाहीत. एक पाय हळूहळू उतरतो, आणि दहाव्या मिनिटाला छत्री माणसाच्या डोक्यावर येते. प्रत्येक पायाखाली विटेचा तुकडा किंवा फळी ठेवा. केळीच्या चिकाचे डाग कपड्यावरून निघत नाहीत, वाळले की तपकिरी होऊन कायमचे बसतात. नवरीच्या शालूला आणि तुमच्या सॉफ्टबॉक्सच्या (फ्लॅशवर चढवायच्या कापडी पेटीच्या) पांढऱ्या कापडाला दोघांनाही कापलेल्या पानापासून, घडाच्या दांड्यापासून लांब ठेवा. आणि बागेत शिरण्याआधी मालकाला विचारा, ठिबकच्या नळीवर स्टँड ठेवू नका.

वाऱ्यासाठी गोणी

छत्री म्हणजे वाऱ्याला शीडच. पाच किलोची जाड पिशवी घ्या, रिकामीच न्या. तापी, गिरणा, पांझरा, कुठेही रेती मिळते, नाहीतर पाण्याचा कॅन आहेच. वजन मधल्या दांड्याला सुतळीने असं बांधा की ते जमिनीला जेमतेम टेकेल. लोंबतं ठेवलं तर वाऱ्यात तेच झोके घेतं आणि स्टँडला ओढतं. स्टँडचा एक पाय ज्या बाजूला छत्री झुकली आहे त्या बाजूला हवा. वरची बारीक नळी सगळ्यात शेवटी ताणा. किल्ल्यावर, तोरणमाळसारख्या उंचावर मी आता छत्री काढतच नाही. सोबतच्या मुलाच्या हातात मोनोपॉड (एकपायी दांडा), त्यावर उघडा फ्लॅश किंवा छोटा सॉफ्टबॉक्स. माणूस हा सगळ्यात चांगला स्टँड आहे. वारा आला की तो स्वतः वळतो. पाटणादेवीला जाणार असाल तर तो भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात येतो, लाईट-स्टँड घेऊन जाण्याआधी वनखात्याची परवानगी काढा.

सेल

दुकानातले साधे सेल १.५ व्होल्टचे आणि रिचार्जेबल १.२ चे, म्हणून साधे जास्त जोरकस असतील असं वाटतं. फ्लॅशमध्ये उलटं होतं. फ्लॅशला एका दमात भरपूर करंट लागतो. साध्या सेलचा आतला अवरोध जास्त असल्याने तो करंट लवकर देऊ शकत नाही. वीस-पंचवीस फोटोंनंतर फ्लॅश भरायला आठ-दहा सेकंद घेतो, आणि वरमाला तेवढ्यात पडून जाते. २००० एमएएचच्या आसपासचे, चार्ज टिकवून ठेवणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या. एका फ्लॅशला चारचे तीन संच, प्रत्येक संचावर मार्करने अ, ब, क. संच आपसात कधी मिसळू नका. एक अशक्त सेल बाकीच्या तिघांना खाली ओढतो. चार्जर प्रत्येक सेल वेगळा तपासणारा हवा. मे महिन्यात बॅग बंद गाडीत ठेवू नका. लिथियम बॅटरीवाला लाईट असेल तर अजिबातच नको.

फ्लॅश पेटत नाही तेव्हा

आधी फ्लॅशवरचं टेस्ट बटण दाबा. पेटला तर फ्लॅश ठीक आहे, दोष ट्रिगरकडे (कॅमेऱ्यावरून फ्लॅशला वायरलेस इशारा देणाऱ्या यंत्राकडे) आहे. ट्रिगरचं टेस्ट बटण दाबा. त्यानेही पेटला, पण कॅमेऱ्याच्या बटणाने नाही, तर कॅमेरा सायलेंट शटरवर आहे का बघा. इलेक्ट्रॉनिक शटरवर बहुतेक कॅमेरे फ्लॅशला इशाराच देत नाहीत. मग हॉट शू (कॅमेऱ्यावरची ट्रिगर बसवायची खाच): आपल्याकडची धूळ बारीक असते, पिनांवर थर बसतो. पेन्सिलीचं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, फुंकर मारा, ट्रिगर शेवटपर्यंत सरकवून लॉक करा.

ट्रिगरच्या बटणानेही पेटत नसेल तर चॅनल, ग्रुप आणि आयडी दोन्हीकडे सारखे आहेत का ते तपासा. सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा मोठ्या लग्नात दुसऱ्याच फोटोग्राफरमुळे तुमचा फ्लॅश पेटत असेल तर आयडी बदला. ऑप्टिकल स्लेव्ह मोड (दुसऱ्या फ्लॅशचा उजेड बघून पेटणं) तर बंदच ठेवा, तो कुणाच्याही फ्लॅशला भुलतो आणि भर उन्हात आंधळा होतो. फ्लॅश एक मीटरच्या आत ठेवल्यावरच चुकत असेल तर काही ट्रिगरमध्ये अंतराची सेटिंग असते, ती ०-३० मीटरवर करा. हे मला कळायला एक अख्खा हंगाम गेला.

फोटोत काळा पट्टा येत असेल तर शटर सिंकच्या वर गेलाय, १/२०० वर आणा. तरी पट्टा राहिला तर १/१६०. मिररलेस कॅमेऱ्याची स्क्रीन काळी दिसत असेल तर एक्स्पोजर प्रिव्ह्यू (सेटिंगचा परिणाम स्क्रीनवर आधीच दाखवणं) बंद करा.

काकांचा जुना रीळच्या जमान्यातला फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवू नका. त्यातल्या काहींच्या पिनेवर दोनशेहून जास्त व्होल्ट असतात, डिजिटल कॅमेऱ्याचं सर्किट त्याने जळू शकतं. आणि बंद पडलेला कोणताही फ्लॅश घरी उघडू नका, सेल काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब बसलेला असतो.

चातुर्मासात लग्नं थांबतात आणि फ्लॅश कपाटात जातो. सेल काढून ठेवा, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका. दर महिन्याला एकदा सेल घालून फ्लॅश पूर्ण भरू द्या आणि आठ-दहा वेळा पेटवा, म्हणजे कपॅसिटर ताजा राहतो. मी दर अमावास्येला करतो, तारीख लक्षात राहते.