पीआरचे (जनसंपर्काचे) शब्द वापरताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो 'ऑफ द रेकॉर्ड'चा. पत्रकाराशी तासभर मोकळेपणाने बोलायचं आणि निघताना म्हणायचं "हे ऑफ द रेकॉर्ड हां", मग दुसऱ्या दिवशी नावासकट छापून आलं की पत्रकारावर चिडायचं. अहो, हे बोलायच्या आधी ठरवावं लागतं आणि समोरच्याने हो म्हटलं तरच लागू होतं, मागाहून सांगून काही उपयोग नाही. 'ऑन बॅकग्राउंड' पण वेगळंच, तिथे माहिती वापरतात फक्त नाव देत नाहीत, "कंपनीतल्या एका अधिकाऱ्याने सांगितलं" असं येतं. ऑफ द रेकॉर्ड म्हणजे साधारणपणे छापायचंच नाही, पण प्रत्येक पत्रकार याचा अर्थ थोडा वेगळा लावतो, म्हणून शब्दावर न जाता सरळ विचारून घ्या की नाव न देता वापरणार की अजिबातच वापरणार नाही.

एम्बार्गोचंही, म्हणजे 'ठरलेल्या वेळेआधी छापू नका' या अटीचंही तेच. प्रेस रिलीजच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात एम्बार्गो लिहिलं आणि अख्ख्या मीडिया लिस्टला ठोकून दिलं, तर ज्याने काही कबूलच केलं नाही तो कशाला थांबेल? आधी दोन ओळींचा मेल टाका, मंगळवारी सकाळी 10 पर्यंत थांबणार का, हो आलं की मगच मजकूर पाठवा, आणि टाइमझोन लिहायला विसरू नका. तरीही कोणी आधीच छापलं तर ज्यांनी शब्द पाळला त्या सगळ्यांना लगेच कळवा की एम्बार्गो उठला, नाहीतर प्रामाणिक राहिलेलेच मागे पडतात आणि पुढच्या वेळी ते तुमचं ऐकणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. एक्सक्लुझिव्ह मात्र एकालाच देतात. दोघांना दिलं तर दोन्ही संबंध गेले.

पिच आणि प्रेस रिलीज एकच समजू नका. पिच म्हणजे त्या एका पत्रकाराला, त्याच्या बीटला, म्हणजे तो ज्या विषयावर लिहितो त्याला धरून लिहिलेला छोटा मेल, रिलीज म्हणजे सगळ्यांसाठीची अधिकृत माहिती. 1906 मध्ये अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा अपघात झाला तेव्हा पीआर सल्लागार आयव्ही ली यांनी रेल्वेच्या वतीने स्वतःहून निवेदन काढलं, त्यालाच पहिलं प्रेस रिलीज मानतात, आणि न्यूयॉर्क टाइम्सने ते जसंच्या तसं छापलं होतं. कारण त्यात पत्रकाराला हवी ती माहिती होती. आपण पहिल्या परिच्छेदात 'अग्रगण्य', 'अभिनव' भरतो आणि कोणी, काय, कधी हे खाली ढकलतो. कंपनीची ओळख द्यायला शेवटी बॉयलरप्लेट, म्हणजे कंपनीबद्दलचा ठरलेला परिच्छेद, असतंच की.

पैसे देऊन आलेला अॅडव्हर्टोरियल, म्हणजे बातमीसारखी दिसणारी जाहिरात, अर्न्ड मीडियात (पैसे न देता मिळालेल्या प्रसिद्धीत) मोजू नका, तो पेड, ही सरळ फसवणूक होते.

रिपोर्टमध्ये रीच आणि इम्प्रेशन्सची अदलाबदल तर सर्रास दिसते. एकाच माणसाने पोस्ट पाच वेळा पाहिली तर रीच 1, इम्प्रेशन्स 5. आणि एव्हीई, म्हणजे बातमीने व्यापलेल्या जागेला जाहिरातीचा दर लावून काढलेली रक्कम, ती कृपा करून काढू नका, 2010 च्या बार्सिलोना प्रिन्सिपल्समध्येच, म्हणजे पीआरचं मोजमाप कसं करावं याच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांमध्येच, स्पष्ट म्हटलंय की एव्हीई म्हणजे पीआरचं मूल्य नव्हे. बदनामी करणाऱ्या अर्ध्या पानाच्या बातमीचाही एव्हीई भरपूर निघतो! क्लायंट अडूनच बसला तर त्याला विचारा की या कॅम्पेनमधून नेमकं काय बदलायला हवं होतं, चौकशीचे फोन, साइन-अप की लोकांचं मत, आणि कॅम्पेन सुरू व्हायच्या आधीचा आकडा घेऊन ठेवा, तो नसेल तर नंतर तुलना कशाशी करणार?