गाडी चालवताना आणि प्रवासी बसवताना या चुका टाळा

गाडी शिकताना क्लच केव्हा सोडायचा आणि गिअर केव्हा बदलायचा, एवढे आपण घोटून घेतो. परंतु सीट किती पुढे असावी, बेल्टचा पट्टा शरीराच्या नेमक्या कोणत्या भागावरून जावा, ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरू लागले तर पाय काढावा की तसाच ठेवावा, हे बहुधा कोणी शिकवत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्यांच्या हातूनही त्याच त्या चुका होत राहतात. यांतील पुष्कळशा चुका गाडी जागेवर उभी असतानाच झालेल्या असतात, त्यांचे परिणाम मात्र पुढे रस्त्यावर दिसतात. म्हणून त्या तपासून पाहण्याची योग्य वेळही गाडी सुरू करण्यापूर्वीचीच आहे.

सीट, स्टेअरिंग आणि आरसे

अनेक जण गाडीत बसल्यावर आधी आरसे लावतात आणि मग सीट पुढेमागे सरकवतात. सीट हलली की डोळ्यांची जागा बदलते आणि लावलेले आरसे निरुपयोगी ठरतात, म्हणून सीट आधी आणि आरसे नंतर, हाच क्रम ठेवावा. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाठ सीटला टेकलेली ठेवून हात सरळ पुढे केला, तर मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे. हे जुळले की हाताला आणि पायाला पूर्ण ताकद लावता येते.

पुढचे नीट दिसावे म्हणून स्टेअरिंगला अगदी चिकटून बसण्याची सवय विशेष धोक्याची आहे. एअरबॅग पापणी लवण्याच्या आत, म्हणजे सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागात फुगते आणि त्या क्षणी ती मऊ उशी नसते. छाती आणि स्टेअरिंगचा मधला भाग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर असावे, म्हणजे एअरबॅग पूर्ण फुगल्यावर शरीर तिच्यावर येते. उंची कमी असल्यास सीट पुढे ओढण्याऐवजी ती वर उचलून घ्यावी. घड्याळात ९ आणि ३ हे आकडे जिथे असतात, तिथे हात ठेवावेत. स्टेअरिंगच्या मध्यावरून आडवा टाकलेला हात एअरबॅग उघडताच चेहऱ्यावर आदळतो. शेजारी बसलेल्याने डॅशबोर्डवर पाय ठेवणेही याच कारणाने घातक आहे.

हेडरेस्ट हे डोके टेकवून विसावण्याचे साधन आहे, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात मागून धडक बसल्यावर मान मागे झटका खाऊ नये, हे त्याचे काम आहे. त्याची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या जवळपास यावी आणि डोक्याच्या मागे अंतर जितके कमी तितके चांगले. खाली दाबून ठेवलेले हेडरेस्ट डोक्याला आधार देण्याऐवजी मानेमागे तरफेच्या टेकूसारखे काम करते आणि दुखापत वाढवते.

पायाजवळची जागा

एका लांब उतारावर मला ब्रेक दाबताना पाय मध्येच अडल्यासारखा वाटला. पेडल अर्ध्यापर्यंत गेले आणि पुढे जाईना. सीटखाली ठेवलेली, अर्धी भरलेली पाण्याची बाटली घरंगळत येऊन पेडलच्या मागे आडवी बसली होती. गाडी खालच्या गिअरमध्ये होती आणि वेग कमी होता, त्यामुळे हँडब्रेक हळूहळू ओढून ती कडेला उभी करता आली. वाकून ती बाटली काढली, तेव्हा पेडलच्या दाबाने तिच्या मधोमध खोल खाच पडलेली दिसली. तेव्हापासून चालकाच्या पायाजवळ आणि सीटखाली मी काहीही ठेवू देत नाही आणि गाडी सुरू करण्यापूर्वी तिथे एकदा हात फिरवून पाहतो.

पायपुसण्याचेही तसेच आहे. मूळ मॅटवर दुसरी मॅट टाकली की ती पुढे सरकून ॲक्सिलरेटरवर चढते आणि पेडल दाबलेलेच राहते. एकच मॅट असावी आणि ती तळाच्या हुकांत अडकवलेली असावी. सैल चपला, जाड तळवे किंवा ओले बूट घातलेल्या पायाला पेडलची जाणीव नीट होत नाही.

ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जाण्याची चूक विशेषतः गाडी लावताना आणि मागे घेताना होते. मान वळवून मागे पाहताना कंबर फिरते, तिच्याबरोबर पायही सरकतो आणि चालकाला तो ब्रेकवरच आहे असे वाटत राहते. गाडी अचानक धावली की घाबरून तो तेच पेडल आणखी जोरात दाबतो. टाच ब्रेकसमोर टेकवून फक्त चवडा ॲक्सिलरेटरकडे वळवण्याची सवय लावली, तर पाय आपोआप ब्रेकवर परततो. ऑटोमॅटिक गाडीत डावा पाय ब्रेकसाठी वापरू नये. क्लचच्या सवयीने तो ब्रेकवर आवश्यकतेपेक्षा फार जोरात पडतो.

ब्रेक, उतार आणि हँडब्रेक

एबीएस, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत जोराचा ब्रेक लावल्यावर पेडल पायाखाली थरथरते आणि घरघर असा आवाज येतो. काहीतरी मोडले असे वाटून चालक नेमका त्याच वेळी पाय उचलतो, आणि जिथे सर्वाधिक ब्रेकची गरज असते तिथेच तो सुटतो. ती थरथर म्हणजे चाके घसरू न देता ब्रेक धरण्याचे काम चालू असल्याची खूण आहे. पाय पूर्ण दाबून ठेवावा, पेडल वरखाली करू नये आणि स्टेअरिंग मोकळ्या जागेकडे वळवावे, कारण ब्रेक लागलेला असतानाही गाडी वळवता यावी हाच एबीएसचा मुख्य उपयोग आहे.

वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते, हा हिशेब पुष्कळांच्या लक्षात नसतो. ताशी ९० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २५ मीटर जाते. फोनवरचा संदेश वाचण्यासाठी दोन सेकंद नजर खाली गेली, तर ५० मीटर रस्ता न पाहता मागे पडलेला असतो.

उतारावर इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे किंवा इंजिन बंद करणे ही तर अत्यंत घातक सवय आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो; ते तापले की त्यांची पकड सुटू लागते. इंजिन बंद केल्यास ब्रेकला मिळणारे साहाय्य एक-दोन दाबांतच संपून पेडल दगडासारखे घट्ट होते, स्टेअरिंग जड होते आणि किल्ली निघाली तर ते कुलूपबंदही होऊ शकते. ज्या गिअरमध्ये चढ चढता येईल, साधारण त्याच गिअरमध्ये उतार उतरावा आणि ब्रेक अधूनमधून दाबून सोडत राहावा.

ऑटोमॅटिक गाडी उतारावर लावताना थेट ‘पी’ (पार्किंग) मध्ये टाकली, तर गाडीचा सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खुंटीवर पडतो. पाय ब्रेकवर ठेवून आधी न्यूट्रल, मग हँडब्रेक, नंतर ब्रेक किंचित सैल करून भार हँडब्रेकवर येऊ द्यावा आणि शेवटी ‘पी’ लावावा.

बेल्ट लावलेला असूनही होणाऱ्या चुका

तीन ठिकाणी अडकणारा आजचा बेल्ट स्वीडिश अभियंता निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीसाठी तयार केला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतरांना वापरण्यास खुले ठेवले. शरीरातील सर्वांत मजबूत हाडांवर धक्का वाटून द्यायचा, हे त्यामागचे तत्त्व आहे. म्हणून खालचा पट्टा पोटावरून न जाता कमरेच्या हाडांवरून, मांड्यांच्या सांध्याजवळून गेला पाहिजे, आणि वरचा पट्टा खांद्याच्या मधून छातीवर आला पाहिजे. मानेला घासतो म्हणून तो काखेखालून घेणे ही फार मोठी चूक आहे, कारण मग धक्क्याचा सगळा भार बरगड्यांवर आणि त्यामागच्या अवयवांवर येतो. पट्टा घासत असल्यास दाराशेजारच्या खांबावरचा त्याचा हूक वरखाली करून पाहावा. गर्भवती स्त्रीने खालचा पट्टा पोटाच्या उंचवट्याखालून आणि वरचा पट्टा पोटाच्या बाजूने घ्यावा. जाड जाकीट घातले असेल तर ते उघडून पट्टा शरीराला लागून बसवावा.

शेजारची सीट आडवी करून झोपी जाणाऱ्या प्रवाशाचा बेल्ट लावलेला दिसत असला, तरी तो शरीराला लागलेला नसतो. धडक बसली की शरीर पट्ट्याखालून पुढे सरकते आणि पट्टा पोटात रुततो. प्रवाशाला झोप आली तरी सीटची पाठ बऱ्यापैकी उभीच ठेवावी, हे चालकाने आग्रहाने सांगावे.

मागच्या सीटवर बेल्टची गरज नाही, हा समज मला सर्वांत क्लेशदायक वाटतो. बेल्ट न लावलेला मागचा प्रवासी धडकेत पुढच्या सीटवर आपटतो आणि बेल्ट लावून बसलेल्या पुढच्या माणसालाही चिरडू शकतो. मागच्या खिडकीजवळच्या फळीवर ठेवलेली जड वस्तूही तशीच पुढे झेपावते. सामान डिकीत, तळाशी आणि सीटला टेकवून ठेवावे.

मुले गाडीत असताना

मूल मांडीवर सर्वांत सुरक्षित असते, असे आईवडिलांना मनापासून वाटते. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली असे धरले, तर १० किलो वजनाच्या मुलाला धरून ठेवायला जवळजवळ १४० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागेल. कोणत्याही आईचे किंवा वडिलांचे हात तेवढे पेलू शकत नाहीत. एकाच बेल्टमध्ये स्वतःला आणि मुलाला बांधून घेणे त्याहून वाईट, कारण मोठ्या माणसाचा सगळा भार मुलावर येतो.

लहान बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते, म्हणून चाइल्ड सीट मागे तोंड करून बसवतात आणि बाळ सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसते आहे तोवर ती तशीच ठेवणे चांगले. अशी सीट पुढे, चालू एअरबॅगसमोर, कधीही बसवू नये. फुगणारी बॅग थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते. सीट बसवल्यावर ती पट्टा जातो त्या जागी धरून हलवून पाहावी. दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त हलत असेल, तर ती नीट बसलेली नाही. मुलाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून त्याची घडी घालता आली, तर तोही सैल आहे.

मागच्या दारांचे चाइल्ड लॉक आणि चालकाजवळचे खिडक्यांचे लॉक, ही दोन्ही बटणे मुले बसण्यापूर्वी लावावीत. काच वर करण्याआधी मागे वळून पाहावे, कारण अडथळा येताच थांबणारी काच प्रत्येक गाडीत आणि प्रत्येक खिडकीला असतेच असे नाही.

उन्हात उभ्या गाडीत मुलाला ‘पाच मिनिटांसाठी’ ठेवून जाणे जिवावर बेतू शकते. पहिल्या २० मिनिटांतच आतले तापमान १० अंश सेल्सियसहून अधिक वाढू शकते आणि काच थोडी खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. चालकाने आपली पिशवी किंवा फोन मुलाजवळ मागच्या सीटवर ठेवला, तर उतरताना मागचे दार उघडावेच लागते.

गाडी ऐकत नाही तेव्हा

पावसात आतून काच धुरकट होते, तेव्हा पुष्कळ जण आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबून ठेवतात आणि श्वासातला ओलावा आतच कोंडतात. बाहेरची हवा आत घेऊन एसी चालू करावा आणि झोत समोरच्या काचेकडे वळवावा. दाट धुक्यात अप्पर लावल्यास प्रकाश धुक्यावरून परत डोळ्यांवर येतो, डिप्परच ठेवावा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर सुरू ठेवल्यास वळण्याची खूण मागच्याला कळत नाही.

किल्ली फिरत नसेल तर बहुधा स्टेअरिंग लॉक झालेले असते. ते डावीउजवीकडे हलके हलवत किल्ली फिरवावी, जोर लावू नये. बटणाची गाडी सुरू होत नसेल तर ब्रेक किंवा क्लच पूर्ण दाबला आहे का ते पाहावे. किल्लीची बॅटरी क्षीण झाली असल्यास किल्ली बटणाला टेकवून अनेक गाड्या सुरू होतात. बेल्ट ओढताना अडकत असेल, तर तो पूर्ण आत जाऊ देऊन सावकाश ओढावा.

ॲक्सिलरेटर अडकला तर ब्रेक एकदाच जोराने दाबून धरावा, गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी आणि कडेला थांबल्यावरच इंजिन बंद करावे. इथे ब्रेक वारंवार सोडून दाबल्यास त्याचे साहाय्य संपते. ब्रेकचे पेडल थेट तळाला गेले, तर मात्र उलट करावे: ते भराभर दाबून दाब तयार होतो का ते पाहावे, गिअर एकेक खाली आणावा आणि हँडब्रेक टप्प्याटप्प्याने ओढावा.

डॅशबोर्डवर लाल दिवा लागला तर शक्य तितक्या लवकर सुरक्षित जागी थांबावे. पिवळा दिवा लवकर तपासणी करून घेण्यासाठी असतो. एअरबॅगचा दिवा सतत पेटलेला असेल, तर धडकेत ती उघडेलच याचा भरवसा धरता येत नाही, म्हणून ‘गाडी तर नीट चालते आहे’ असे म्हणून तो तसाच ठेवू नये. जोराची धडक सोसलेला बेल्ट आणि चाइल्ड सीट बाहेरून शाबूत दिसत असली, तरी बेल्टचे धागे ताणले गेलेले आणि सीटच्या सांगाड्यात न दिसणाऱ्या भेगा पडलेल्या असू शकतात. दोन्ही बदलून घ्यावीत आणि ज्या जुन्या चाइल्ड सीटचा पूर्वेतिहास आपल्याला ठाऊक नाही, ती मुलासाठी घेऊ नये.