वायफायची गल्लीतली गळती कशी मोजावी व कशी कमी करावी

पणजीच्या मळा भागात अनेक घरांच्या खिडक्या थेट रस्त्यावर उघडतात आणि तेथील कार्यालयाचा वा अतिथिगृहाचा वायफायही त्याच वाटेने बाहेर पडतो. अशा गळतीचा हिशेब माहिती-सिद्धांताचे अभ्यासक ॲरन वायनर यांनी १९७५ साली मांडला. त्यातून निघणारे सूत्र असे, की आपल्या ग्राहकयंत्राची क्षमता (दर सेकंदाला बिनचूक पोचू शकणारी माहिती) चोरून ऐकणाऱ्याच्या क्षमतेपेक्षा जेवढी अधिक, तेवढीच माहिती गुप्त राहू शकते. साधा राउटर त्यासाठीचे खास कोडिंग करत नाही. तरी राउटर कोठे ठेवावा, हे ठरवायला हा फरक उत्तम माप आहे.

अँड्रॉइड फोनवर डीबीएम, म्हणजे सिग्नलची ताकद, दाखवणारे ॲप घ्यावे; हा आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असल्याने फोन चार बोटे सरकला तरी आकडा उडी मारतो. म्हणून फोन सावकाश फिरवत आतला सर्वांत कमी आणि गल्लीतला सर्वांत जास्त आकडा टिपावा. मोजणी उन्हाळ्यात करावी, कारण पावसात भिजलेला चिरा (भिंतीचा जांभा दगड) सिग्नल अधिक शोषतो आणि गळती कमी असल्याची आपली खोटी समजूत होते.

समजा, आत उणे ५०, बाहेर उणे ७० आणि पार्श्वभूमीचा रेडिओ-गोंगाट उणे ९० डीबीएम आहे. मग गुप्त क्षमता प्रति हर्ट्झ सेकंदाला सुमारे ६.६ बिट येते. आता राउटरची शक्ती १० डेसिबलने, म्हणजे दहाव्या हिश्शावर, उतरवली तर ती ६.५ होते, म्हणजे जवळपास तेवढीच राहते! नुसती शक्ती कमी करणे हा सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणूनच अपुरा आहे. दोन आकड्यांमधले अंतर वाढले पाहिजे: राउटर खिडकीपासून हलवून मधल्या चिऱ्याच्या भिंतीआड, कामाच्या टेबलाजवळ ठेवावा, आणि शक्य तेथे ५ गिगाहर्ट्झ वापरावा, कारण भिंतींत तो लवकर क्षीण होतो. जुन्या शिंपल्यांच्या तावदानांवर मात्र भिस्त ठेवू नये. ती सिग्नल अडवत नाहीत.

गल्लीतल्या माणसाकडे फोनऐवजी २४ डेसिबलची जाळीदार डिश असेल, तर वरचे उणे ५० व उणे ७० मधले २० डेसिबलचे अंतर पुसले जाऊन तोच वरचढ ठरतो. त्यामुळे डब्ल्यूपीए३ हे वायफायचे कूटबद्धीकरण चालू ठेवावे, आणि जागचे न हलणारे संगणक व प्रिंटर केबलनेच जोडावेत.