मुरलेली व्हर्जिनिया: पाइपची तंबाखू कशी साठवावी, कशी चाखावी

आई लोणचं घालायची तेव्हा बरणीला दादरा बांधून झाला की आम्हा भावंडांना एकच ताकीद असे: ओला हात लावायचा नाही. अमेरिकेत सेंट लुईसला येऊन मला एकोणतीस वर्षं झाली, पाइपची तंबाखू मुरवायला लागून चौदा. ताकीद तीच. मी ती पहिल्याच वर्षी मोडली. धुतलेली बरणी कोरडी दिसली म्हणून भरली, आणि झाकणाच्या आट्यांत पाणी राहिलं होतं. चार महिन्यांनी उघडली तर वर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आणि ओल्या पोत्याचा वास. सगळी फेकली. वरची बुरशी काढून खालची वापरू म्हणाल तर तसं करू नका.

पानांवर कधी कधी बारीक, चमकणारे कण दिसतात. ते स्फटिक असतात, त्यांना घाबरू नये. बुरशी लोकरीसारखी दिसते आणि कुबट वास मारते.

काय मुरवायचं ते आधी ठरवा. व्हर्जिनिया या जातीच्या तंबाखूचं पान गरम केलेल्या कोठारात वाळवतात, त्यामुळे त्यातली साखर टिकते, आणि मुरताना खरी करामत तिचीच. बर्ली ही दुसरी जात साध्या हवेवर वाळते, तिच्यात साखर जवळपास उरत नाही. म्हणून ती फारशी बदलत नाही. पेरीक ही तंबाखू लुईझियानातल्या सेंट जेम्स भागात ओकच्या पिंपांत दाबून महिनोन् महिने आंबवतात. ती मुरूनच आपल्याकडे येते, आणि व्हर्जिनियात थोडीशी असली तर दोघी मिळून फार सुंदर मुरतात. लटाकिया हे सीरियातल्या बंदराचं नाव, त्यावरूनच या तंबाखूचं. ही पानं लाकडाच्या धुरावर धरतात. वर्षांगणिक तो धूर मवाळ होतो. मला तो ठसकेबाज आवडतो, म्हणून लटाकिया मी तीन-चार वर्षांपलीकडे ठेवत नाही. वरून चेरी-व्हॅनिला लावलेली तंबाखू मात्र साठवू नका, आणली की वापरा.

सुरुवातीला दाबून कापलेल्या चकत्यांची निव्वळ व्हर्जिनिया घ्या. मी इंग्लंडमधल्या केंडलच्या सॅम्युअल गाविथ कंपनीची फुल व्हर्जिनिया फ्लेक घेतो. एका वेळी तीन डबे घ्यावेत: एक आता ओढायला, दोन ठेवायला.

अर्ध्या पिंटच्या (साधारण 240 मिली) काचेच्या बरणीत 50 ग्रॅमचा डबा आरामात मावतो. बरणी आणि झाकण उकळत्या पाण्याने धुवून रात्रभर पालथं ठेवा, आट्या कापडाने पुसा. तंबाखू हलकेच दाबून भरा, पण हवा काढून टाकू नका. सुरुवातीच्या बदलांना ती थोडी हवा लागते. बरणीवर तारीख लिहा. मग अंधाऱ्या कपाटात ठेवा, जिथे तापमान फार वरखाली होत नाही. गॅरेज नको, इथला उन्हाळा तंबाखू शिजवतो. फ्रिजही नको. मोठ्या एका बरणीपेक्षा लहान चार बऱ्या, कारण दर वेळी उघडलं की आतली जमलेली हवा निघून जाते.

आता चाखणं. यासाठी मी मक्याच्या कणसाचे दोन सारखे पाइप ठेवले आहेत. ते इथून तासाभरावरच्या वॉशिंग्टन गावात 1869 पासून बनतात. लाकडी पाइपात आधीच्या तंबाखूचा वास राहतो, लटाकियाचा तर महिनोन् महिने. त्यात तुलना होत नाही.

चकत्या कुस्करून ताटलीत अर्धा-एक तास पसरा. चिमूट दाबून सोडली की हळूहळू उलगडली पाहिजे. गोळा तसाच राहिला तर ओली आहे, चुरा झाला तर फार वाळली. पाइप तीन थरांत भरा: खालचा सैल, मधला जरा दाबून, वरचा घट्ट. पहिल्यांदा पेटवल्यावर तंबाखू फुगून वर येते. ती हलकेच दाबून पुन्हा पेटवा. मग कढत चहाचा पहिला घोट घेतो तितक्या हळू ओढा. भराभर ओढलं की जीभ पोळते आणि चव जाते. तोंडातला थोडा धूर नाकातून सोडून पाहा, निम्मी चव तिथे कळते. धूर छातीत घ्यायचा नसतो. तरीही तोंडाच्या कर्करोगाचा धोका पाइपलाही आहे, म्हणून मी आठवड्यात एकच, रविवारी.

आणि वही ठेवा. मी सुरुवातीला इंग्रजी वर्णनं वाचून अंजीर, सुकं गवत असं उतरवून घ्यायचो. वर्षभराने वाचलं तर मला स्वतःला काही आठवेना. मग आपल्या घरातल्या वासांनी लिहायला लागलो, तेव्हा तुलना जमली. त्याच व्हर्जिनियाच्या नोंदी अशा आहेत. नवी: लिंबाची साल, पावसाने भिजलेला कडबा, जिभेला चरचर. दीड वर्ष: चरचर कमी, भाकरीच्या पापुद्र्याचा वास. चार वर्षं: मनुका, चिंचगुळाची आमटी उकळताना येतो तसा आंबटगोड वास, शेवटपर्यंत गोडी. जुनी आणि नवी लागोपाठच्या दोन रविवारी, त्याच वेळी, सोबत फक्त पाणी घेऊन ओढली तरच हा फरक नीट कळतो.

उघडलेली बरणी मी दोन-तीन महिन्यांत संपवतो. शेजारची, त्याच दिवशी भरलेली, आठ वर्षं पुरी झाल्यावर उघडेन.