पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन शिकताय? मग या चुका टाळा

पुस्तकातली आकृती बघून वाटतं, त्यात काय एवढं, एक नळी आणि एक धमनी क्लिप करायची, कापायची आणि पिशवी लिव्हरवरून सोडवून बाहेर काढायची. पण आकृतीतलं पित्ताशय निरोगी असतं, आणि निरोगी पित्ताशय काढायला सहसा कोणी येत नाही! टेबलावर येतं ते सुजलेलं, खडे भरलेलं, आजूबाजूला चिकटलेलं. त्यामुळे ॲनाटॉमी एका वहीत आणि पॅथॉलॉजी दुसऱ्या वहीत ठेवणं हीच पहिली चूक, बाकीच्या बऱ्याचशा तिच्यातूनच निघतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कॉमन बाईल डक्टलाच (पित्त आतड्यात नेणारी मुख्य नळी) सिस्टिक डक्ट (पित्ताशयाची स्वतःची नळी, जी कापायची असते) समजून क्लिप मारणं. हे फक्त नवख्यांकडूनच होतं असं नाही, हात बसलेल्या सर्जनकडूनही होतं, कारण इथे हातापेक्षा डोळा जास्त फसतो. असिस्टंटने फंडस (पित्ताशयाचं गोल टोक) उजव्या खांद्याकडे वर ढकललेला असतो आणि तुम्ही इन्फंडिब्युलमपण (नळीकडचा निमुळता भाग) त्याच दिशेला ओढलं की सिस्टिक डक्ट आणि कॉमन डक्ट एका रेषेत येतात आणि दोन नळ्या एकच वाटायला लागतात. म्हणून फंडस वर, पण इन्फंडिब्युलम बाहेरच्या बाजूला आणि जरा खाली, मग मधला कोन उघडतो. जुनी सूज असेल तर आणखी पंचाईत, फायब्रोसिसमुळे (व्रणासारख्या घट्ट टिश्यूमुळे) तो कोनच आक्रसून गेलेला असतो आणि इन्फंडिब्युलम थेट कॉमन हेपॅटिक डक्टला (लिव्हरमधून येणारी मुख्य नळी) जाऊन चिकटतं, आता यात सिस्टिक डक्ट शोधणार कुठे?

यावर सर्जन स्ट्रासबर्ग यांनी 1995 मध्ये मांडलेला क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी, म्हणजे क्लिप मारण्याआधी काय दिसायलाच हवं याचा नियम, सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण पाळताना त्यातला मधला भाग गाळला जातो. सिस्टिक डक्ट, कॉमन हेपॅटिक डक्ट आणि लिव्हर यांच्यामधल्या त्रिकोणातली चरबी आणि फायब्रस टिश्यू साफ हवेत, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग लिव्हरवरून सुटलेला हवा, आणि पित्ताशयात दोनच, फक्त दोनच गोष्टी (सिस्टिक डक्ट आणि सिस्टिक आर्टरी) जाताना दिसायला हव्यात. दोन नळ्या दिसल्या की लगेच क्लिप मागतात, मागून लिव्हर दिसतंय का ते कोणी बघतच नाही.

काही खुणांवर थांबायलाच हवं. नळी इतकी रुंद की क्लिप पलीकडपर्यंत पोचत नाही, तर ती बहुतेक सिस्टिक डक्ट नाहीये. धमनी अपेक्षेपेक्षा जाड वाटतेय, तर ती राइट हेपॅटिक आर्टरी (लिव्हरच्या उजव्या भागाची धमनी) असू शकते, कधीकधी ती वळण घेऊन पित्ताशयाच्या अगदी जवळ येते आणि तिथून निघणारी सिस्टिक आर्टरी एकदम आखूड असते.

रक्त आलं की घाबरून आंधळेपणाने क्लिप मारू नका, डक्टला इजा होते ती अशाच वेळी. गॉज किंवा पित्ताशयाचीच भिंत दाबून धरा, सक्शन करा, नीट दिसलं की मगच क्लिप. आणि दिसतच नसेल तर? मग सीनियरला बोलवा, कोलँजिओग्राम (पित्तनळ्यांचा डाय घालून एक्स-रे) करा, सबटोटल कोलेसिस्टेक्टॉमी (पित्ताशयाचा थोडा भाग मागे ठेवून बाकीचं काढणं) करा, गरज पडली तर पोट उघडून ओपन करा. यात कमीपणा कसला, पण का कोण जाणे आपल्याला तो वाटतोच.

शेवटची चूक ऑपरेशन संपल्यावरची. "साधे खडेच होते" म्हणून नमुना हिस्टोपॅथॉलॉजीला (मायक्रोस्कोपखालच्या तपासणीला) न पाठवणं, किंवा छोट्याशा डबीत कोंबून पाठवणं. लपलेला कॅन्सर अशाच पित्ताशयात सापडतो आणि तो कितपत खोल गेलाय यावर पुढचं सगळं ठरतं, टी1ए (फक्त आतल्या अस्तरापुरता) असेल तर बहुतेकदा झालेलं ऑपरेशन पुरतं, टी1बी (स्नायूच्या थरापर्यंत) किंवा त्याच्या पुढे गेला की पुन्हा ऑपरेशनचा विचार करावा लागतो. म्हणून पिशवी बाहेर काढताना बॅग वापरा, पित्त पोटात सांडू देऊ नका. नमुना 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाका, सलाईनमध्ये ठेवून विसरू नका, फॉर्मॅलिन नमुन्याच्या निदान दहापट हवं. आणि लॅबच्या पद्धतीत बसत असेल तर पित्ताशय उघडून टाका, नाहीतर आतलं पित्त तसंच राहतं, म्युकोसा (आतलं अस्तर) सडतो आणि पॅथॉलॉजिस्टला बघायला काही उरत नाही.