सायबरपंक कॅम्पेन रखडतंय? या चुका टाळा

सायबरपंक कॅम्पेन म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत, बलाढ्य कंपन्यांच्या भविष्यातल्या शहरात सेशनमागून सेशन खेळायची गोष्ट; प्रत्येक खेळाडू एक पात्र रंगवतो आणि जीएम कथा, नियम सांभाळतो. मी जीएम असलेल्या पहिल्या कॅम्पेनचं तिसरं सेशन. टोळी एका गोदामाच्या मागच्या दाराशी पोहोचली, हॅकरने केबल खुपसली आणि मी रात्र जागून काढलेला नेटचा, म्हणजे संगणकांच्या जाळ्याचा, नकाशा मोठ्या हौसेने टेबलावर पसरला. त्यानंतर पाऊण तास आम्ही दोघंच खेळत होतो. उरलेल्या तिघांपैकी एक फोनमध्ये गेला, एक गॅलरीत, आणि तिसरीने माझे सगळे फासे रंगांप्रमाणे रांगेत लावून ठेवले. रांगा सुबक होत्या, हे मान्य करायला हवं.

दोष हॅकरचा नव्हता, नियमांचा होता. शहराचं वर्णन करताना मी ठासून सांगितलं होतं की इथे एकटा माणूस टिकत नाही, टोळी लागते. नियम मात्र म्हणत होते, तुम्ही तिघं थांबा, हा एकटा खेळेल. सायबरपंकमधली बहुतेक दुखणी याच जातीची असतात: वर्णन एक बोलतं, फासे भलतंच. आणि खेळाडू ऐकतात ते फाशांचं.

हॅकरचा वेगळा संसार

या चुकीला मोठी परंपरा आहे. १९९० साली आलेल्या ‘सायबरपंक २०२०’मध्ये नेटरनिंग, म्हणजे नेटमध्ये शिरून हॅकिंग करणं, हा खेळाच्या पोटात दडलेला दुसरा खेळ होता. त्याचा नकाशा वेगळा, शत्रू वेगळे, काळाचा हिशोबही वेगळा. १९८९च्या ‘शॅडोरन’मध्ये डेकर (तिथला हॅकर) मेट्रिक्समध्ये (तिथल्या नेटमध्ये) शिरला की बाकीच्यांची तीच गत. पुढे शॅडोरनच्या २००५च्या चौथ्या आवृत्तीने मेट्रिक्स वायरलेस केलं, त्यामुळे हॅकर टोळीबरोबर चालता-धावता काम करू लागला. ‘सायबरपंक रेड’ने २०२० साली त्याहून सरळ तोडगा काढला. नेटरनरला अ‍ॅक्सेस पॉइंटपासून सहा मीटरच्या आत, म्हणजे गोळ्यांच्या टप्प्यात, स्वतः हजर राहावं लागतं आणि नेटमधल्या कृती इतरांच्याच राऊंडमध्ये (सगळ्यांचं एकेक वळण म्हणजे एक राऊंड) होतात. इंटरफेस, म्हणजे नेटरनरची हॅकिंगची क्षमता, रँक ४ असेल तर एका वळणात तीन नेट-कृती मिळतात. जिथे शिरायचं ती सिस्टिम म्हणजे मजल्यांची उतरंड, वरून खाली उतरत जायची.

टेबलावर हे असं दिसतं. दाराशी बंदूकवाली पहारेकऱ्याला थोपवून धरतेय. नेटरनर पहिल्या कृतीत पासवर्ड फोडतो, खालच्या मजल्यावर उतरतो, दुसऱ्या कृतीत कॅमेऱ्यांचा ताबा घेतो, तिसरी राखून ठेवतो. मी म्हणतो, “जिन्यावरून आणखी दोघं चढतायत, तुला कॅमेऱ्यात दिसतात.” तो ओरडतो, “जिना!” आणि तिसरा खेळाडू, ज्याचं वळण अजून यायचंय, तो आपला बेत बदलतो. सगळी गंमत या ओरडण्यात आहे. नेटमधून मिळालेली गोष्ट त्याच राऊंडमध्ये खोलीतल्या दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडायला हवी. स्वतःचे हॅकिंगचे नियम लिहिणार असाल तर निदान एवढं तपासा. हॅकरचा फासा पडल्यावर खोलीत काहीच बदलत नसेल, तर तो फासा काढून टाका.

आणखी एक मोह खऱ्या हॅकिंगचा. टेबलावर एखादा तरी संगणकवाला असतोच आणि तो पोर्ट, प्रोटोकॉल काढून बसतो. त्याला एक किस्सा ऐकवा. १ मार्च १९९० रोजी अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने ऑस्टिनमध्ये स्टीव्ह जॅक्सन गेम्स या खेळ छापणाऱ्या कंपनीच्या ऑफिसवर छापा घातला आणि ‘गर्प्स सायबरपंक’ या छपाईच्या वाटेवर असलेल्या खेळाच्या पुस्तकाचा मजकूर संगणकांसकट उचलून नेला. तपास दुसऱ्याच प्रकरणाचा होता, पण हा मजकूर म्हणजे संगणकी गुन्ह्यांचं हस्तपुस्तक असल्याचं कंपनीला ऐकवण्यात आलं. कंपनी कोर्टात गेली आणि १९९३मध्ये तिला ५०,००० डॉलरची भरपाई मिळाली. त्या पुस्तकाच्या जोरावर कुणाला काही हॅक करता आलं नसतं. खेळासाठी लागतो तो धोका आणि घाई, प्रोटोकॉल नव्हे.

शहर महाग, भाडं मात्र कुणीच भरत नाही

पैशाची चूक हॅकिंगइतकी डोळ्यात भरत नाही, म्हणूनच ती जास्त नुकसान करते. लक्षण सोपं आहे. पाचव्या-सहाव्या सेशनला खेळाडूंच्या शीटवर पाच आकडी रक्कम साठलेली असते आणि नवा गिग, म्हणजे नवं काम, ऐकून ते विचारतात, “हे आम्ही का करायचं?” प्रश्न रास्त आहे. तुम्ही त्यांना भुकेलं शहर दाखवलंत, पण भूक लागायचा नियम वापरलाच नाहीत.

रेडमध्ये हा हिशोब तयार आहे, फक्त बरेच जीएम ती पानं उलटून पुढे जातात. शिपिंग कंटेनरमध्ये राहायचं भाडं महिना १,००० युरोडॉलर (खेळातलं चलन). सगळ्यात हलकं खाणं, किबल, महिना १००. सोप्या कामाचे माणशी ५००, नेहमीच्या कामाचे १,०००, जिवावरच्या कामाचे २,०००. आता बेरीज करा. महिन्यात एकच नेहमीचं काम मिळालं तर पत्र्याच्या खोक्यात राहून, डबाबंद चुरा खाऊनसुद्धा माणूस १०० ने तोट्यात जातो. त्यात गोळ्या, चिलखताची डागडुजी, डॉक्टर धरलेच नाहीत. एवढं गणित मांडलं की “का करायचं” हा प्रश्न मिटतो. उलट खेळाडूच फिक्सरला, म्हणजे कामं मिळवून देणाऱ्या दलालाला, फोन लावून दुसरं काम मागतात.

पण त्यासाठी महिना संपला पाहिजे! इथे पुष्कळ कॅम्पेन अडकतात. बारा सेशनं होतात आणि कथेत जेमतेम नऊ दिवस उलटलेले असतात, कारण प्रत्येक सेशन आधीच्या क्षणाला चिकटून सुरू होतं. मग भाड्याची तारीख यायची कधी? जखमा भरायच्या कधी? मी आता प्रत्येक गिगनंतर एक आठवडा सरळ पुढे ढकलतो आणि प्रत्येकाला विचारतो की या आठवड्यात काय केलंस. चौथा आठवडा झाला की भाडं. टेबलावर एक साधं कॅलेंडर ठेवलंय, त्यावर मी रेघ मारतो. रेघ मारताना कुणीतरी कण्हतंच.

खरेदीत तास घालवू नका. रेडमधल्या किमती ठरलेल्या पायऱ्यांवर आहेत: १०, २०, ५०, १००, ५००, १,०००, ५,००० आणि त्यावर. पुस्तकात नसलेली वस्तू कुणी मागितली तर तिची पायरी ठरवा आणि पुढे चला.

गोळी खरंच मारते का?

“या शहरात कुणीही, केव्हाही, एका स्वस्त गोळीने मरू शकतं.” हे वाक्य प्रत्येक जीएम पहिल्या सेशनला म्हणतो. मग पहारेकऱ्यांच्या हातात मध्यम पिस्तुलं देतो आणि दीड तास सगळे एकमेकांवर नुसते टिचक्या मारत बसतात.

कारण कागदावर आहे. रेडमध्ये मध्यम पिस्तुलाचं नुकसान २डी६ (सहा बाजूंच्या दोन फाशांची बेरीज) आणि साध्या हलक्या आर्मरजॅकची (चिलखती जॅकेटची) अडवायची ताकद ११. म्हणजे १२ पडले तरच काही आत शिरणार. दोन षटकार, छत्तीसात एकदा. ते पडले तर गंभीर इजाही होते, तेव्हा धोका अगदीच शून्य नाही, पण पस्तीस वेळा ‘टण्’ असा आवाज येऊन काम संपतं. गोंधळलेला जीएम पुढच्या सेशनला सगळ्यांना असॉल्ट रायफली वाटतो. तिचं नुकसान ५डी६, सरासरी साडेसतरा. पहिली गोळी साडेसहा आत घालते आणि चिलखत एका अंकाने झिजवते, म्हणून दुसरी साडेसात, तिसरी साडेआठ. बॉडी (शरीर) आणि विल (इच्छाशक्ती) दोन्ही ६ असलेल्या पात्राचे ४० हिट पॉइंट (जीव मोजायचे गुण) पाचव्या गोळीला संपतात, तेही गंभीर इजा न धरता. चार रायफली नीट लागल्या तर हा दुसऱ्या राऊंडचा कारभार.

दोन्हीपैकी काहीही चालेल, पण ते आधी ठरवून, गणित मांडून. सेशनच्या आदल्या दिवशी एक खोटी चकमक एकट्याने खेळून बघा, दहा मिनिटं लागतात. स्वस्त पिस्तूलही मारतं असं जग हवं असेल तर रस्त्यावर चिलखत घालून फिरणं अडचणीचं करा: दुकानं आत घेत नाहीत, पोलीस अडवतात. सोबत मिश्र शस्त्रं द्या, एक रायफलवाला आणि तीन पिस्तूलवाले. खेळाडू आपोआप विचारू लागतात, “रायफल कुणाकडे आहे?” लढाईला आकार येतो तो असा.

क्रोम आणि माणुसकी

रेडमध्ये एम्पथीला (इतरांशी जोडून घ्यायची क्षमता) दहाने गुणलं की ह्युमॅनिटी, म्हणजे माणुसकी, मिळते; एम्पथी ६ असेल तर ६०. क्रोम, म्हणजे शरीरात यंत्रांचे इम्प्लांट, बसवत गेलात की ती घसरते आणि ५२ वर आली की एम्पथी ५ उरते. शॅडोरनमध्ये एसेन्स (तिथलं माणूसपणाचं माप) ६ पासून सुरू होतो आणि जादूगाराने शरीरात यंत्र घातलं की त्याची जादूही उतरते. समतोल राखायला ही कल्पना उत्तमच. चूक होते ती अर्थ लावताना. हात तुटलेल्या माणसाने कृत्रिम हात लावला म्हणून तो कमी माणूस झाला, असं तुमचे नियम म्हणत असतील तर ते कुणासमोर म्हणताय याचा विचार करा. टेबलावर बसलेल्याच्या घरात अशी व्यक्ती असू शकते. रेडने हा फरक केलाय. गमावलेलं परत देणाऱ्या वैद्यकीय दर्जाच्या अवयवांना ह्युमॅनिटी मोजावी लागत नाही, आणि गेलेली ह्युमॅनिटी उपचारांनी काही प्रमाणात परतही मिळते.

माझ्या टेबलावर मी त्यात एक भर घातली: प्रत्येक महागडं इम्प्लांट हप्त्यावर. हप्ता चुकला की डोळ्याचा झूम बंद, दुसरा चुकला की नजरेच्या कोपऱ्यात जाहिराती. एका खेळाडूने भर पाठलागात “माझ्या डाव्या डोळ्यात काय विकलं जातंय?” असं विचारलं होतं. ह्युमॅनिटीच्या दहा अंकांनी जे साधलं नव्हतं ते त्या प्रश्नाने साधलं.

प्लॅनिंगचा चिखल

टोळी तीन तास बेत आखते आणि दारातच तो फसतो. खेळाडूंना दोष देऊ नका. चुकलं तर मरतो हे माहीत असलेला माणूस बेत आखणारच. ‘द स्प्रॉल’ या सायबरपंक खेळाने २०१६मध्ये छान युक्ती केली. तयारीच्या टप्प्यात ‘इंटेल’ आणि ‘गिअर’चे गुण नुसते कमवायचे, नेमकी कोणती माहिती, कोणती वस्तू, हे ऐन कामात खर्च करताना सांगायचं. हा नियम उचलून कोणत्याही सिस्टिममध्ये बसतो. प्लॅनिंगला वीस मिनिटं द्या आणि मग थेट दारात उभं करा.

निऑन आणि पाऊस या सायबरपंक शहराच्या ठरलेल्या चित्राबद्दल थोडंच सांगतो: दोन्ही पुरे झाले. प्रत्येक वस्तीला एक टंचाई द्या. कुठे पाणी, कुठे वीज, कुठे शांतता. वस्ती लक्षात राहते ती टंचाईमुळे.

कॉर्पोरेशन म्हणजे देव नव्हे

शेवटची तक्रार नवख्या जीएमकडून हमखास येते. कंपनी इतकी बलाढ्य दाखवली की खेळाडूंनी हातपाय गाळले. किंवा उलट, चौथ्यांदा लुटूनही कंपनीने काहीच केलं नाही, मग खेळाडू तिला हसायला लागले. कंपनी सूड घेत नाही, हिशोब करते, हे धरून चाललं की दोन्ही अडचणी सुटतात. चोरलेल्या मालापेक्षा वसुलीचा खर्च जास्त असेल तर ती सोडून देते. कमी असेल तर कुणाला तरी कंत्राट देते.

यासाठी मी सहा भागांचं घड्याळ काढतो, म्हणजे कंपनीचं लक्ष वेधलं गेलं की एकेक भाग भरत जायचं वर्तुळ. कॅमेऱ्यात चेहरा आला, एक भाग. मेलेला पहारेकरी, एक. जिवंत आणि बोलका पहारेकरी, दोन. घड्याळ उघडं, सगळ्यांना दिसेल असं ठेवायचं, म्हणजे पुढच्या वेळी कॅमेऱ्यांकडे बघून बेत ठरतात. सहावा भाग भरल्यावर कोण येणार तेही आधीच लिहून ठेवा. आमच्याकडे मारेकरी येईल म्हणून सगळे दबा धरून बसले होते. आली एक वसुली अधिकारी, बिनबंदुकीची. टोळीच्या कंटेनरचं भाडेपत्र कंपनीने विकत घेतलं होतं, आणि नवं भाडं तिने दारातच वाचून दाखवलं.