पवनचक्क्यांजवळ वटवाघळांचे आवाज रेकॉर्ड करायचेत?

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीसारख्या पवनचक्क्यांच्या पठारावर सर्व्हे करणार असाल तर आधी एक डोक्यात फिट करा, डिटेक्टर (वटवाघळांचे आवाज टिपणारं यंत्र) वटवाघळं मोजत नाही, आवाज मोजतो. एकच पाकोळी (छोटं किडेखाऊ वटवाघूळ) माईकसमोर वीस घिरट्या घालून गेली की नोंदी वीस, त्यामुळे रिपोर्टात 'इतकी वटवाघळं' नको, 'रात्रीला इतक्या फेऱ्या' लिहा. वडा-पिंपळावर लटकणारी ती मोठी फळखाऊ वटवाघळं यात येतच नाहीत, ती डोळ्यांवर आणि वासावर चालतात, त्यांची मोजणी संध्याकाळी झाडाखाली उभं राहूनच.

ऑडिओमॉथ हा छोटा रेकॉर्डर असेल तर सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) ३८४ किलोहर्ट्झ ठेवा, रेटच्या निम्म्यापर्यंतचाच आवाज पकडता येतो म्हणून. पण सलग रेकॉर्ड केलंत तर मिनिटाला ४६ एमबी, बारा तासांच्या रात्रीला ३३ जीबी, कार्ड कधी भरलं कळणार पण नाही! म्हणून ट्रिगर लावायचा, म्हणजे आवाज आला की मगच रेकॉर्डिंग सुरू होतं, आणि मग पावसाळ्यानंतर रातकिडेच रात्रभर ट्रिगर दाबत बसतात. लोक वैतागून फिल्टर (ज्याच्या खालचे आवाज गाळले जातात ती मर्यादा) वर नेतात, तो फार वर नेऊ नका, मोकळ्या आभाळात उंच उडणाऱ्या काही जाती २० किलोहर्ट्झच्या आसपासच बोलतात आणि पात्याचा धोका त्यांनाच जास्त.

दुसरं म्हणजे उंची. ४० किलोहर्ट्झचा आवाज हवेतच विरतो, साधारण तीसेक मीटरच्या पुढे माईकला फारसं काही येत नाही, आणि पाती फिरतात त्याच्या कितीतरी वर. खाली खांबावर एक माईक ठेवाच पण कंपनीकडून परवानगी काढून दुसरा वर नॅसेलच्या (खांबाच्या टोकावरच्या, पात्यांमागच्या यंत्राच्या पेटीच्या) तळाला, तोंड खाली करून, नाहीतर निम्मी गोष्ट हुकली.

डिटेक्टरचं घड्याळ टर्बाइनच्या डेटाशी जुळवा, हे तर सगळ्यात महत्त्वाचं. वटवाघळं वारा कमी असलेल्या रात्री जास्त उडतात, तेव्हा दर दहा मिनिटांचा वाऱ्याचा वेग आणि फेऱ्या शेजारी शेजारी मांडल्या की चक्की कधी थांबवायची ते दिसतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात २००८-०९ मध्ये कमी वाऱ्यात चक्क्या थांबवून बघितल्या तर मृत्यू ४४ ते ९३ टक्क्यांनी घटले, आणि वीज फार थोडी गेली.

बांधकामाआधीच्या आवाजांवरून पुढे किती मरतील हे मात्र सांगता येत नाही, त्यासाठी चक्की सुरू झाल्यावर खाली मेलेली शोधावीच लागतात. उजाडता उजाडता जा, कुत्री-कावळे पोचायच्या आत, आणि ग्लोव्हजशिवाय हात लावू नका.